टेबल भाड्याने घेऊन धंदा करणाऱ्यांचंही नाव कुठेतरी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करोनाचे निर्बंध सैल करून १५ ऑगस्ट २०२१ पासून दुकानं रात्री १० पर्यंत उघडी ठेवता येणार ही बातमी तुमच्या पेपरात वाचली आणि खरंच बरं वाटलं, कारण आमच्या चिपळूणच्या बाजारात अजून कितीतरी दुकानदार जुलैच्या पुराचा चिखल काढतायत आणि त्यांना आता एकेक तास महत्त्वाचा आहे. त्याच बातमीत खाली खासगी ऑफिसांबद्दल दोन ओळी होत्या, की ज्या ऑफिसातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं लसीकरण पूर्ण झालंय त्यांनी पूर्ण क्षमतेने काम सुरू करावं. त्या दोन ओळी मी तीनदा वाचल्या. आमच्या ऑफिसात कर्मचारी कोणीच नाहीये. एका खोलीत आम्ही सहा जण बसतो, लॉकडाऊनच्या आधी नऊ होतो, आणि प्रत्येकाचा धंदा वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, उत्पन्न वेगळं. मग "सगळ्या कर्मचाऱ्यांचे" म्हंजे नक्की कोणाचे डोस मोजायचे?

मी जीएसटी आणि इन्कम टॅक्सची रिटर्न भरायचं काम करते. माझ्या डाव्या बाजूला एक जण घरांचे प्लॅन कॉम्प्युटरवर काढून देतो, त्याच्या पलीकडे विम्याचं काम करणारे एक काका, समोर एक मुलगी आहे ती कोकम, आगळ, काजूगर, फणसपोळी असं गावागावातल्या बायकांकडून घेते आणि ऑनलाइन ऑर्डरी घेऊन कुरिअरने पाठवते. खिडकीजवळ एक मुलगा डिझाईन करतो, लग्नपत्रिकेपासून आंब्याच्या पेटीवरच्या स्टिकरपर्यंत सगळं. महिन्याला एका टेबलाचे ३,५०० रुपये, त्यात लाइट, इंटरनेट, इन्व्हर्टर आणि पाण्याचा जार. पुण्या-मुंबईत याला कोवर्किंग म्हणतात, आमच्याकडे नुसतं "टेबल घेतलंय" म्हणतात. आणि हे काही हौसेने घेतलेलं नाही. माझं घर गुहागर रस्त्यावर आतल्या वाडीत आहे, तिथे पावसाळ्यात लाइट सकाळी गेली की संध्याकाळपर्यंत यायची गॅरंटी नसते आणि मोबाईलची रेंज हवी असेल तर सड्यावर, म्हंजे वरच्या उघड्या पठारावर, जावं लागतं, भर पावसात सड्यावर उभं राहून कोणाचं रिटर्न भरणार. स्वतःचा गाळा घ्यायचा तर डिपॉझिटच लाखात सांगतात. म्हणून टेबल. कोकणात राहून, मुंबईला न जाता, डोक्यावर कर्ज न घेता काहीतरी करायचं असेल तर आमच्यासारख्यांना हा एकच रस्ता परवडतो.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, मग राज्याने जिल्ह्यांच्या हद्दी बंद केल्या, २५ पासून देशभर लॉकडाऊन. तेव्हा ऑफिसला कुलूप लागलं ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. माझ्या सासऱ्यांना दमा आहे, घरात म्हातारी माणसं असलेल्या कोणालाही विचारा, त्या दिवसांत बंद पाहिजेच होतं. माझं म्हणणं आहे ते त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल, की बंदीचा नियम करताना आम्ही ऑफिसवाले आणि मदत द्यायची वेळ आली की आम्ही कोणीच नाही.

आधी नियमांचं सांगते. यंदा जूनमध्ये पाच स्तरांची पद्धत आली, पहिला स्तर सगळ्यात सैल आणि पाचवा सगळ्यात कडक, पॉझिटिव्हिटी रेट (तपासलेल्यांत बाधित) किती आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेत यावरून जिल्ह्याचा स्तर ठरायचा, गुरुवारी आकडे बघायचे आणि सोमवारपासून लागू. आमचा रत्नागिरी जिल्हा चौथ्या स्तरात, शेजारी सिंधुदुर्ग आणि रायगड पण तिथेच. चौथ्यात आमच्यासारखं ऑफिस बंद. मग जूनच्या शेवटी करोनाच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकारामुळे कुठल्याच जिल्ह्याला तिसऱ्या स्तराच्या खाली यायचं नाही असं ठरलं, आणि २ ऑगस्टला बाकीच्या बऱ्याच राज्याला सूट मिळाली तेव्हा जे ११ जिल्हे मागे ठेवले त्यात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही होते. म्हंजे सगळी कोकणपट्टी. तिसऱ्या स्तरात ऑफिस ४ वाजेपर्यंत आणि निम्मी हजेरी. आता सहा जणांची निम्मी हजेरी म्हंजे तीन माणसं, पण आकड्याचं जाऊ दे, खरा प्रश्न हा की आज कोणी यायचं हे ठरवणार कोण? एखाद्या कंपनीत साहेब सांगतो, तू सोमवारी ये, तू मंगळवारी ये, आणि जो घरी बसतो त्याचाही पगार चालू असतो. आमच्यात जो घरी बसला त्याची त्या दिवसाची कमाई गेली. शेवटी आम्हीच एका कागदावर पाळ्या लावल्या, सकाळी ८ ते १२ दोन जण, १२ ते ४ तीन जण, आणि विम्यावाले काका स्वतःहून म्हणाले की मी फोनवर भागवतो, तुम्ही तरुण पोरं बसा. माझी पाळी दुपारची. इन्कम टॅक्सचं नवीन पोर्टल ७ जूनला सुरू झालं ते पहिले कितीतरी दिवस नीट चालतच नव्हतं, ओटीपी येतोय येतोय म्हणता म्हणता पावणेचार व्हायचे, आणि चार वाजता शटर खाली. एकदा चार वाजून दहा मिनिटांनी पथक आलं आणि दंडाची पावती फाडली, पावती मालकाच्या नावाने, पैसे आम्ही आत असलेल्या तिघांनी वाटून भरले. त्यातल्या एकाने रस्त्यावर विचारणाऱ्या पोलिसांना दाखवायला कुठलं ओळखपत्र आणायचं? आमचं आयकार्ड कोण देणार, आम्हीच आमचे मालक.

आणि आता हे दोन डोसांचं. १८ ते ४४ वयाचं लसीकरण १ मे ला सुरू झालं, पण लशीच नाहीत म्हणून १२ मे ला राज्याने ते थांबवलं, ते परत जूनमध्ये सुरू झालं. मला पहिला डोस जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिळाला, तोही पहाटे उठून रांगेत थांबून, कारण ऑनलाइन स्लॉट उघडायचा आणि आमच्याकडे पान लोड होईपर्यंत संपायचा. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवस पाहिजेत. म्हंजे माझा दुसरा डोस सप्टेंबरच्या शेवटी, तो अंगात मुरायला अजून १४ दिवस धरले की दसरा आला. मी नियम मोडायला मागत नाहीये, लस सगळ्यांनी घ्यायलाच पाहिजे. पण खोलीतल्या सहापैकी चार जण पंचेचाळीसच्या आतले आहेत, त्यांनी वेळेवर लस घेतली नाही असं कोणी म्हणू शकत नाही, त्यांना ती मिळालीच उशिरा. मग त्यांच्यामुळे विम्यावाल्या काकांचं टेबल पण बंद ठेवायचं का, ज्यांचे दोन्ही डोस कधीच झालेत? माणसागणिक बघा एवढंच म्हणणं आहे. ज्याचे डोस झाले तो बसेल, बाकीचे पाळीने, खिडक्या उघड्या, टेबलात अंतर. खोलीचा नियम खोलीला आणि धंद्याचा नियम धंद्याला लावा.

आता मदतीचं, ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसले.

मे २०२० मध्ये केंद्राने छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटींची तारण नसलेली कर्जं जाहीर केली. माझ्या गिऱ्हाइकांचे कागद मीच बनवले म्हणून मला ती योजना पाठ आहे. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या कर्जखात्यावर जेवढी बाकी असेल तिच्या २० टक्के जादा कर्ज, सरकारची हमी, पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही, चार वर्षांत फेडायचं. माझ्या एका हार्डवेअरवाल्या गिऱ्हाइकाची दहा लाखांची बाकी होती, त्यांना दोन लाख मिळाले आणि त्यावर त्यांनी कामगार टिकवले, योजना त्यांच्यासाठी खरंच चांगली होती. पण ज्याची बाकी शून्य त्याला शून्याचे वीस टक्के. आम्ही नऊ जणांत एकाचंही धंद्याचं कर्ज नव्हतं. कर्ज घ्यायला लागू नये म्हणून तर टेबल घेतलेलं ना. त्याच महिन्यात मी एका बँकेत विचारायला गेले तर काउंटरवर सांगितलं की मॅडम तुमचं आधीचं लोन असतं तर लगेच झालं असतं. घरी येताना एसटी नव्हती, सहा किलोमीटर चालत आले, आणि सगळ्या रस्त्यात मी तेच एक वाक्य परत परत ऐकत होते.

हप्त्यांना सहा महिने सवलत मिळाली, मार्च ते ऑगस्ट, ती कर्जवाल्यांना. विजेच्या बिलातला स्थिर आकार व्यापारी ग्राहकांना तीन बिलं पुढे ढकलता आला, ती सवलत मीटर ज्याच्या नावावर त्याला, आणि मीटर मालकाचा. एप्रिल २०२० मध्ये राज्याने घरमालकांना सांगितलं की भाडं तीन महिने पुढे ढकला, ते राहत्या घराचं, धंद्याच्या जागेचं नाही. फेरीवाल्यांना १० हजारांचं कर्ज, ते योग्यच. यंदा १३ एप्रिलला मुख्यमंत्र्यांनी कडक निर्बंध लावताना ५,४७६ कोटींचं पॅकेज सांगितलं, त्यात परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना, बांधकाम कामगारांना, घरकामवाल्या बायकांना दीड दीड हजार. ते दीड हजार कोणाच्या डोळ्यावर यायचं कारण नाही, माझी नणंद स्वतः धुण्याभांड्याची कामं करते. मी फक्त बघत होते की प्रत्येक ठिकाणी मदत कुठल्या तरी कागदाला चिकटून येते. परवाना, बॅज, कर्जखातं, मीटर, गाळ्याचा उतारा. टेबलवाल्याकडे यातलं काहीच नसतं. दरवाजावर पाटी मालकाची, घरपट्टी मालकाच्या नावाने, लाइटबिल मालकाचं, आणि या सगळ्याचे पैसे मात्र आमच्या ३,५०० मधून जातात.

आमचे मालक मनाने चांगले आहेत हे इथे लिहिलंच पाहिजे. पहिल्या लॉकडाऊनला दोन महिने त्यांनी अर्धंच भाडं घेतलं, पण त्यांचं पेन्शन नाही, त्या भाड्यावर त्यांचं घर चालतं, ते तरी किती सोडणार. जुलै २०२० पर्यंत तिघांनी टेबल सोडलं. एक जण दापोलीचा, त्याच्या घराचे पत्रे ३ जूनच्या निसर्ग वादळात उडाले, गावात कित्येक दिवस लाइट नव्हती, त्याची मुंबईची दोन गिऱ्हाइकं तेवढ्यात दुसरीकडे गेली आणि ती परत आलीच नाहीत. तो आता भावाच्या टेम्पोवर जातो.

आणि मग २२ जुलैचा पूर. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर म्हणून वाचलं, त्या दिवशी त्या खोलीत खालच्या मजल्यावरची चौदा माणसं होती, लहान पोरं टेबलांवर झोपवलेली, पिण्याचा जार सगळ्यांत पुरवून पुरवून घेतला. खाली मीटर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, आणि जिन्याखालच्या खोलीत त्या कोकमवाल्या मुलीचा माल, राखीपौर्णिमेच्या आणि गणपतीच्या ऑर्डरींसाठी भरून ठेवलेला, सगळं पाण्यात. पुढे सरकारने पॅकेज दिलं, दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला तसंच १० हजारांपर्यंत. तिचं दुकान नाही, टपरी पण नाही. पंचनामा झाला तो इमारतीच्या मालकाच्या नावाने एकच. तिने ओल्या काजूगरांच्या पिशव्या फोटो काढून ठेवल्यात, मोबाईलमध्ये तसेच आहेत, दाखवायचे कोणाला? करोनाच्या मदतीत जी फट होती तीच पुरात परत दिसली म्हणून हे लिहिलं, नाहीतर पुराचं दुःख सगळ्यांचं सारखंच आहे आणि आमच्यापेक्षा कितीतरी जणांचं मोठं.

हे जगात कोणालाच सुचलं नसतं तर मी गप्प बसले असते. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये आहे, तोही तिकडे शेअरिंगच्या ऑफिसात बसायचा. तिकडे पण पहिल्यांदा हेच झालं. सरकारने छोट्या धंद्यांना १० हजार पौंडांचं अनुदान दिलं पण ते जागेच्या कराला जोडलेलं, ज्याच्या नावावर जागेचा कर नोंदलेला त्याला. शेअरिंगमध्ये बसणाऱ्यांच्या नावावर तो नसतोच, म्हणून ते सगळे बाहेर राहिले. लोकांनी ओरड केली, आणि मे २०२० च्या सुरुवातीलाच सरकारने ६१ कोटी ७० लाख पौंड वेगळे काढले, खास अशा राहून गेलेल्यांसाठी, आणि त्यात शेअरिंग ऑफिसवाले, बाजारात नेहमी बसणारे विक्रेते, घरगुती लॉजवाले अशी नावंच घातली. अटी साध्या, पन्नासच्या आत माणसं, जागेचा ठराविक खर्च चालू असला पाहिजे, आणि ११ मार्च २०२० ला धंदा चालू असला पाहिजे. वाटप तिकडच्या स्थानिक कौन्सिलने केलं, म्हंजे आपल्याकडची नगरपरिषद धरा, कारण गावात कोण खरं काम करतं हे गावालाच माहीत असतं. तिथेही प्रत्येक कौन्सिलने आपापले नियम लावले, कोणाला जास्त मिळालं कोणाला कमी, काहींना मिळालंच नाही. पण चूक कळल्यावर पाच-सहा आठवड्यांत ती दुरुस्त करायला सुरुवात झाली. आपल्याकडे सतरा महिने झाले.

पैसा तेवढा आपल्याकडे नाही हे मला कळतं, मी आकड्यांतच काम करते. मी मागतेय ती ओळख. आणि ओळख सरकारकडे आहे, हे मी छातीठोक सांगू शकते. मी दर वर्षी २,५०० रुपये व्यवसाय कर भरते. आमच्या खोलीतल्या प्रत्येकाची नोंदणी मीच करून दिलीय, सगळे भरतात. त्यात नाव आहे, पॅन आहे, पत्ता आहे. गेल्या वर्षी १ जुलैपासून छोट्या उद्योगांसाठी केंद्राची उद्यम नोंदणी आलीय, ती फुकट आणि ऑनलाइन, तिथे पण आमची नावं आहेत. म्हंजे कर घेताना राज्याला माझं नाव बरोबर सापडतं. मग मदत द्यायच्या यादीत तेच नाव सापडायला अडचण कसली?

करायचं एवढंच आहे की जी माणसं टेबलाचं भाडं भरतात त्यांची एक वही नगरपरिषदेने, गावात असेल तर ग्रामपंचायतीने ठेवावी. मालकाची पावती, बँकेतून भाडं गेल्याची नोंद आणि व्यवसाय कर किंवा उद्यमचा नंबर, बस. त्यात मालकाला भीती वाटता कामा नये, कारण आज कितीतरी मालक ना हरकत पत्र देत नाहीत, त्यांना वाटतं भाडेकरू जागेवर हक्क सांगेल किंवा घरपट्टी वाढेल, माझाच शॉप ॲक्टचा (धंद्याच्या नोंदणीचा) कागद त्यामुळे घरच्या पत्त्यावर आहे. ही नोंद फक्त मदतीसाठी आणि निर्बंधांसाठी आहे, जागेच्या हक्काशी तिचा संबंध नाही असं एका ओळीत लिहून दिलं की निम्मी भीती जाईल. पुन्हा कधी बंद करायची वेळ आली तर त्या वहीतल्या माणसांना टेबलाच्या भाड्यापुरती मदत, निदान बिनकर्जवाल्यांनाही मिळेल असं एक छोटं कर्ज, आणि रस्त्यावर दाखवायला एक पास. तिसरी लाट येणार असं सगळेच म्हणतायत. १० सप्टेंबरला गणपती आहेत, चाकरमानी येणार, यायलाच पाहिजेत, आणि त्यानंतर परत आकडे वाढले तर परत स्तर लागतील. त्याच्या आधी ही वही होऊ शकते, सगळ्या चिपळुणात अशी टेबलं मोजायला दोन माणसांना एक आठवडा पुरेल.

रत्नागिरीला, कुडाळला, अलिबागला पण अशी ऑफिसं झालीयत, तिकडचे वाचक हे वाचत असतील तर त्यांनी पण आपापल्या ठिकाणी सांगावं. शिकलेली मुलं गावात राहात नाहीत म्हणून आपण सगळे हळहळतो, पण जी राहिली ती अशाच भाड्याच्या टेबलांवर बसून राहिलीत हे कोणी विचारात घेत नाही.

फेब्रुवारी २०२० पासूनच्या नऊ जणांच्या भाड्याच्या पावत्या माझ्याकडे फाईलला लावलेल्या आहेत, सोडून गेलेल्या तिघांच्या सुद्धा. कोणी अधिकाऱ्यांनी मागितल्या तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन येते.

आपली एक वाचक,
चिपळूण